पाइप धरायचा कुठं आणि सोडायचा कुठं: स्टील आणि एफआरपी (फायबरच्या) लाइनच्या सपोर्टविषयी सोप्या भाषेत

गेल्या काही वर्षांत आमच्या बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्याला लागून इथेनॉलचा प्लांट उभा राहणं नेहमीचंच झालंय. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण २०१४ च्या सुमाराला दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि ते इथेनॉल कुठंतरी बनायला लागतंयच की, त्यामुळं अथणी, चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी असा उसाचा पट्टा फिरून बघितला तर जुन्या आवारात नव्या टाक्या, नवे टॉवर आणि त्यांना जोडणारे लांबच लांब पाइप दिसतात. ह्या पाइपांखाली जे लोखंडी सामान, म्हणजे सपोर्ट, लागतंय त्याचं काम उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये येतंय आणि तिथं एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. ड्रॉइंग हातात पडतं, एका सपोर्टला दहा-बारा मापं, कुठं टेफ्लॉनची पट्टी, कुठं रबर, कुठं ३ मिलीमीटर गॅप ठेवा म्हणून लिहिलेलं, आणि मिस्त्री विचारतो, "एवढं कशाला हो साहेब? पाइपच की, खालती दोन अँगल मारून सोडूया."

प्रश्न रास्त आहे. कारण ड्रॉइंग देणारा माणूस मापं देतो, कारण देत नाही. आणि कारण माहीत नसलं की ज्याच्या हातात गॅस कटर आहे तो आपल्या समजुतीनं एखादी गोष्ट बदलतो, गॅप बुजवतो, एक जादा टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मारतो, आणि त्याचा हेतू चांगलाच असतोय, पाइप घट्ट बसावा एवढाच. म्हणून हा लेख. फिटर, वेल्डर, आयटीआय-डिप्लोमाची पोरं, आणि कारखान्यात नोकरीला असून पाइपलाइनशी थेट संबंध नसलेले, सगळ्यांसाठी.

सपोर्टला नेमकं काय करायचं असतंय

पहिली गोष्ट लक्षात घ्या, पाइपला फक्त वजन नसतंय. वजन आहेच, पाइपचं, आतल्या पाण्याचं किंवा रसाचं, वरच्या इन्सुलेशनचं, मध्ये बसवलेल्या व्हॉल्व्हचं. त्याशिवाय पाइप गरम झाला की लांब होतो, गार झाला की आखडतो. पंप सुरू-बंद झाला की त्याला धक्का बसतो. जवळ मोठं मशीन असलं की तो थरथरतो. उघड्यावर असला तर वारा ढकलतो.

सपोर्टनं ह्यातलं काही अंगावर घ्यायचं आणि काही मुद्दाम सोडून द्यायचं. कुठल्या दिशेला पाइपला अडवायचं आणि कुठल्या दिशेला मोकळं सोडायचं हे प्रत्येक जागी वेगळं ठरतंय, आणि सगळी मापं, गॅप, पट्ट्या तिथूनच येतात. बाकी सगळं ह्याचाच विस्तार आहे.

वजनाचा हिशोब, थोडक्यात

सहा इंची साधा स्टील पाइप घेऊया, शेड्यूल ४० चा. शेड्यूल म्हणजे पाइपच्या भिंतीची जाडी सांगणारा नंबर. ह्या पाइपचं वजन मीटरला साधारण २८ किलो, आत पाणी भरलं की अजून साडेअठरा किलो, म्हणजे मीटरला ४७ किलोच्या घरात. असा पाइप पाण्यासाठी असेल तर जगभर वापरात असलेल्या तक्त्यांप्रमाणं दोन सपोर्टमध्ये जास्तीत जास्त ५.२ मीटर अंतर ठेवतात. चार इंचीला ४.३ मीटर, आठ इंचीला ५.८ मीटर.

अंतर थोडं वाढवलं तर काय होतंय? इथं फसायला होतंय, कारण अंतर दुप्पट केलं तर पाइपचा झोळ दुप्पट होत नाही, तो सोळा पट होतो. दोन सपोर्टमधलं अंतर जरासं वाढवून एक सपोर्ट वाचवायचा विचार म्हणूनच महागात पडतो. झोळ आला की लाइन बंद केल्यावर त्या खड्ड्यात पाणी साठून राहतं, स्टीमची लाइन असेल तर पुढच्या वेळी स्टीम सोडल्यावर ते पाणी गोळीसारखं पुढं जाऊन एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या तुकड्यावर, आदळतं, आणि कारखान्यात काम केलेल्या कुणीही तो धाडधाड आवाज ऐकलेला असणार.

गरम झाला की पाइप चालायला लागतो

आता मुख्य भाग. साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक्झॉस्ट स्टीम बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांकडं जाते. ती साधारण १२५-१३० डिग्रीची असते. लाइन गार असताना ३० डिग्री धरा. म्हणजे १०० डिग्रीचा फरक. स्टील प्रत्येक मीटरला प्रत्येक डिग्रीला ०.०१२ मिलीमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण १०० मीटर लाइनला १०० डिग्रीचा फरक लावा, १२० मिलीमीटर होतात. जवळजवळ पाच इंच. आणि बॉयलरपासून टर्बाइनला जाणारी मेन स्टीम लाइन, जी वीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात ५०० डिग्रीच्या आसपास चालते, ती ५० मीटर लांब असली तरी एक फुटाहून जास्त वाढते.

हे वाढणं अडवता येत नाही का? अडवलं तर काय होतंय ते आकड्यातच बघा. तोच सहा इंची पाइप दोन टोकांना पक्का जखडला आणि १०० डिग्री गरम केला तर तो टोकांना ८५ टनांहून जास्त जोरानं ढकलतो. कुठला अँगल, कुठलं चॅनेल, कुठला अँकर बोल्ट हे सोसणार? आणि समजा स्ट्रक्चर टिकलं, तर पाइपच्या धातूवर येणारा ताण साध्या स्टीलच्या सहनशक्तीच्या टोकाला जाऊन भिडतो, म्हणजे पाइप तरी वाकतो नाहीतर टोकाला असलेल्या पंपाचं, टर्बाइनचं नॉझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, तरी फाटतं. पाइपचा जोर नेहमी सगळ्यात कमजोर जागा शोधतोय, आणि ती जागा बहुतेक वेळा सगळ्यात महाग मशीनच निघते.

म्हणून लाइनमध्ये मुद्दाम वळसे देतात, त्याला लूप म्हणतात. लाइन सरळ जाता जाता उजवीकडं वळते, थोडं पुढं जाऊन परत येते आणि मूळ दिशेला लागते. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं झाडाबिडाला वाट दिली असेल. तो वळसा वाढीव लांबी पोटात घेतो. पण लूप चालायचा असेल तर पाइपनं त्याच्याकडंच सरकायला पाहिजे, भलतीकडं नाही, आणि ही दिशा दाखवायचं काम सपोर्टचं.

शू, गाइड, अँकर

शू म्हणजे पाइपच्या बुडाला वेल्ड केलेला किंवा क्लॅम्पनं धरलेला उलट्या टी आकाराचा तुकडा, ज्यावर पाइप बीमवर बसतो. इन्सुलेशन असलेल्या लाइनला तो लागतोच, नाहीतर इन्सुलेशन चेपलं जाईल. शू बीमवर घसरतो. आता इथं लांबीचा हिशोब बघा: शू ३०० मिलीमीटरचा केला, बरोबर बीमच्या मध्यावर बसवला, म्हणजे एका बाजूला १५० मिलीमीटर. त्या जागी पाइप १६० मिलीमीटर सरकणार असेल तर शूचा मध्य बीमच्या पार पलीकडं जातो, बीम अरुंद असेल तर शू सुटून खाली घसरतो, आणि गार होताना पाइप परत येतो तेव्हा शूची कड बीमला अडकते, मग एकतर शू उपटतो किंवा बीम ओढला जातो. म्हणून ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं असतं की गार असताना शू इतके मिलीमीटर मागं ठेवून बसवा. बसवणाऱ्याला ते वाकडं दिसतं, तो सरळ करून मध्यावर आणतो. इथं साइटवरच्या सुपरवायझरनं दोन मिनिटं थांबून समजावून सांगायला पाहिजे, असं माझं अगदी ठाम मत आहे.

शूच्या खाली टेफ्लॉनची पट्टी कशाला? घर्षण. लोखंडावर लोखंड घासलं तर वजनाच्या साधारण ३० टक्के जोर आडवा लागतो. टेफ्लॉनवर गुळगुळीत स्टेनलेस पत्रा सरकला तर तो १० टक्क्यांच्या आसपास येतो. एका सपोर्टवर दोन टन वजन असेल तर ६०० किलो आणि २०० किलो असा फरक झाला, आणि एका रॅकवर (पाइप वाहून नेणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर) अशा पंधरा लाइनी असल्या तर तो सगळा जोर रॅकच्या खांबांवर जातो. वरचा स्टेनलेस पत्रा खालच्या टेफ्लॉनपेक्षा मोठा ठेवतात, पाइप कुठंही सरकला तरी टेफ्लॉन झाकलेलं राहावं, त्यावर धूळ, बगॅसची भुशी, वेल्डिंगचे थेंब पडू नयेत म्हणून. आणि रंगवाल्यांना सांगून ठेवा, त्या चकाकणाऱ्या पत्र्याला ब्रश लावायचा नाही. हंगामाआधी सगळं कसं झकपक दिसावं म्हणून पत्र्यासकट रंगवलेले सपोर्ट मी बघितलेत, रंग लागला की ते घसरणं गेलंच.

गाइड म्हणजे शूच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले अँगल, मध्ये ती ३ मिलीमीटरची गॅप सोडून. पाइप लांबीच्या दिशेनं जातो, आडवा जात नाही. गॅप बुजवली की शू जाम. अँकर म्हणजे जिथं पाइप कुठल्याच दिशेला हलायचा नाही अशी जागा. दोन अँकरच्या मध्ये लूप, आणि लूपच्या दोन्ही बाजूंना गाइड, अशी साधारण रचना.

स्प्रिंग आणि तिची पिन

काही ठिकाणी पाइप वरखाली पण हलतो. बॉयलरच्या ड्रमवरून उतरणारी उभी लाइन गरम झाली की लांब होते. समजा मधल्या एका सपोर्टवरून पाइप २० मिलीमीटर वर उचलला गेला, तर त्या सपोर्टवर वजनच उरलं नाही, सगळं शेजारच्यावर गेलं. अशा जागी स्प्रिंग सपोर्ट लागतो, पाइप वरखाली झाला तरी स्प्रिंग खालून भार घेतच राहते. तो भार फार बदलू नये, सहसा २५ टक्क्यांच्या आत राहावा असा नियम आहे, म्हणून स्प्रिंग जागेप्रमाणं निवडावी लागते आणि कंपनीतून ठरलेल्या भारावर दाबून, पिन लावून येते.

पिन का? स्टीमची लाइन चालू असताना आत पाणी नसतंय, पण चालू करायच्या आधी पाण्यानं प्रेशर टेस्ट करतात तेव्हा ती पूर्ण भरलेली असते. ते जादा वजन स्प्रिंगवर येऊ नये म्हणून टेस्ट होईपर्यंत पिन तशीच ठेवायची, टेस्ट झाली, पाणी काढलं, इन्सुलेशन झालं की मग काढायची. आमच्याच भागातल्या एका कारखान्यात ऑफ सीझनला वर चढून बघितलं तर स्प्रिंगच्या डब्यावरची लाल पिन दोन हंगाम झाले तरी तशीच होती, त्यावर रंगसुद्धा मारलेला, आणि शेजारच्या कडक सपोर्टचा बेसप्लेट एका बाजूनं उचलून खालचं ग्राउट (भरलेलं सिमेंट) फुटलेलं. म्हणजे एवढी महागाची स्प्रिंग आणून तिला लोखंडी ठोकळा करून ठेवला होता. नंतर पिन काढायला गेलं तर ती सहज निघत नाही, आणि हातोडीनं ठोकून काढायची तर अजिबात नाही, कारण पिन अडकलीय म्हणजे भार सेटिंगपेक्षा वेगळा आहे, आधी भार जुळवून घ्यायचा मग पिन हातानं निघते.

एफआरपी: हलका आहे म्हणून फसू नका

एफआरपी म्हणजे काचेचे बारीक धागे रेझिनमध्ये भिजवून गोल साच्यावर गुंडाळून केलेला पाइप, आपण ज्याला फायबरचा पाइप म्हणतो. ॲसिड, क्लोरीन, डिस्टिलरीचं सांडपाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, जिथं लोखंड गंजून जाईल तिथं हा वापरतात. धागे साधारण ५५ अंशाच्या कोनात गुंडाळतात, कारण आतल्या प्रेशरचा ताण परिघाच्या दिशेनं लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो आणि त्या कोनात दोन्ही ताण धागे बरोबर वाटून घेतात. केमिकलसाठीच्या पाइपात सगळ्यात आत रेझिन जास्त असलेला, साधारण अडीच मिलीमीटरचा थर असतो. ॲसिडला खरं अडवतो तो हा थर.

सहा इंची एफआरपी पाइप मीटरला साधारण पाच किलो भरतो, दोन माणसं आख्खी लांबी सहज उचलतात. म्हणून लगेच वाटतं की हलका आहे, सपोर्ट कमी लागतील. उलटं आहे. आतलं पाणी तेवढंच वजनदार, आणि लांबीच्या दिशेनं एफआरपीचा ताठपणा स्टीलच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतका. म्हणजे वजन निम्म्यावर आलं पण ताठपणा त्याहून कितीतरी खाली गेला, त्यामुळं सपोर्ट जवळजवळ लागतात, आणि आतलं पाणी गरम असेल तर अजून जवळ. नेमकं अंतर पाइप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचं, स्टीलचा तक्ता इथं चालत नाही.

उष्णतेचं गणित तर पार वेगळं. एफआरपी स्टीलपेक्षा दीडपट-दुप्पट वाढतो, ४० डिग्रीच्या फरकाला १०० मीटरमागं ८० मिलीमीटरच्या आसपास. पण त्याला अडवलं तर तो ढकलतो किती? सहा इंचीला दोन टनांच्या आसपास. तेवढ्याच फरकाला स्टील ३५ टनांनी ढकलेल. त्यामुळं जे स्टीलमध्ये कधीच करायचं नाही ते एफआरपीत बऱ्याच वेळा चालतं, म्हणजे लूप न देता दोन अँकरच्या मध्ये पाइप धरून ठेवायचा. अट एकच, मध्ये गाइड जवळजवळ पाहिजेत, नाहीतर दाबाखाली तो सापासारखा नागमोडी होतो. स्टीलला मोकळं सोडायचं आणि एफआरपीला बऱ्याचदा धरून ठेवायचं, हे उलटं गणित डोक्यात बसलं की बाकी बरंच सोपं जातं.

यू-बोल्टनं आवळला तर काय बिघडलं?

बिघडतं, आणि लगेच दिसत नाही म्हणून जास्त बिघडतं. पाण्याचं मडकं डोक्यावर घेताना बायका खाली चुंबळ घेतात, तेच मडकं दगडाच्या कडेवर ठेवलं तर भरलेल्या वजनानं तडकतं. एफआरपी पाइपचं हुबेहूब तसंच आहे, त्याला वजन टेकवायला रुंद, गोल, मऊ जागा पाहिजे. अँगलच्या कडेवर किंवा यू-बोल्टच्या, म्हणजे यू आकारात वाकवून दोन नटांनी आवळायच्या, सळईवर टेकवला की सगळं वजन एका रेषेत येतं.

मग होतं काय, तर फिटर सवयीनं नट आवळतो, स्टीलला आवळतो तसाच, पाइप किंचित चेपतो आणि आतल्या रेझिनच्या थराला केसासारख्या बारीक चिरा जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. प्रेशर टेस्टही बऱ्याचदा पास होते. मग त्या चिरेतून ॲसिड काचेच्या धाग्यांपर्यंत पोचायला लागतं, धागे कमजोर होत जातात, आणि काही महिन्यांनी यू-बोल्टच्या बरोबर शेजारी पाइपच्या अंगावर घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात. त्या जागेवर बोट फिरवलं की जरासा खडबडीतपणा लागतो, पांढरट डाग असतो. (ॲसिडची लाइन असेल तर हातमोज्याशिवाय बोट लावायचं नाही, हे सांगायला नको.) तोवर सगळे पाइपच्या क्वालिटीला नावं ठेवत असतात.

म्हणून एफआरपीसाठी सॅडल करतात, पाइपच्या बुडाशी कमीत कमी १२० अंश आणि शक्यतो १८० अंश बसेल असा गोल पत्रा, आत रबर किंवा निओप्रीनची पट्टी. वरचा क्लॅम्प पाइप धरण्यापुरता, चेपण्यापुरता नाही. जिथं पाइप सरकणार तिथं रबरवर सरकवायचा नाही, रबर पकडून ठेवतंय, तिथं पाइपलाच खालून एफआरपीचं अर्धगोल कवच रेझिननं चिकटवायचं आणि ते कवच सरकू द्यायचं, झीज झाली तर कवचाची होईल. आणि जिथं अँकर पाहिजे तिथं पाइप आवळून थांबवायचा नाही, क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना एफआरपीच्या जाड कॉलर बांधायच्या, म्हणजे क्लॅम्प सैल असला तरी पाइप पुढं-मागं जाऊ शकत नाही. वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही, पण शेजारच्या बीमवर वेल्डिंग चाललं असेल तर एफआरपीवर ओलं पोतं किंवा फायर ब्लँकेट टाकायला विसरू नका.

व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी सांगतो कारण ही चूक सगळ्यात जास्त दिसते. सहा इंची लोखंडी व्हॉल्व्ह मीटरभर एफआरपी पाइपपेक्षा कितीतरी जड असतो. तो पाइपवर लोंबकळत ठेवला की फ्लँजच्या, म्हणजे बोल्टनं जोडायच्या टोकाच्या चकतीच्या, मानेला चीर ठरलेली. व्हॉल्व्हला स्वतःचा सपोर्ट पाहिजे, आणि तो असा की व्हॉल्व्हचं चाक फिरवताना लागणारा पीळसुद्धा त्या सपोर्टवर जावा, पाइपवर नाही.

स्टील आणि एफआरपी जिथं भेटतात

पंप लोखंडी, पंपापासून थोडी लाइन स्टीलची, पुढं एफआरपी. ह्या सांध्याला स्टीलच्या बाजूला पक्का अँकर पाहिजे. नाहीतर स्टील आपली सगळी हालचाल त्या बिचाऱ्या फायबरच्या लाइनीत ढकलतं. दुसरं, एफआरपीची फ्लँज सहसा सपाट तोंडाची असते आणि स्टीलची बऱ्याचदा मधोमध उंचवटा असलेली. दोन्ही समोरासमोर घेऊन बोल्ट आवळले की बाहेरची कड पोकळीत वाकते आणि फ्लँज तडकते. समोरची फ्लँजही सपाट तोंडाची घ्यायची, गॅस्केट पूर्ण तोंडभर घ्यायचं, आणि आवळायचं टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, पाइप लावून वाढवलेल्या पान्यानं नाही. लाइन थोडी चुकली असेल तर स्टीलमध्ये चेन ब्लॉक लावून ओढून बसवतात, एफआरपीत तसं ओढून बसवलेली लाइन आज ना उद्या फुटतेच.

बाजारात तयार मिळतात ना, मग वेगळे कशाला बनवायचे?

मिळतात, आणि साध्या गार पाण्याच्या छोट्या स्टील लाइनीला तयार क्लॅम्प बिनधास्त वापरा, तिथं उगाच डोकं चालवायची गरज नाही. पण एफआरपीत एक अडचण आहे. स्टीलचा सहा इंची पाइप कुठल्याही कंपनीचा घ्या, बाहेरून १६८.३ मिलीमीटरच असतो, आठ इंची २१९.१. एफआरपी बहुतेक वेळा आतल्या साच्यावर गुंडाळतात, म्हणजे आतलं माप पक्कं आणि बाहेरचं माप जाडीप्रमाणं बदलतं, प्रेशर वेगळं की जाडी वेगळी, कंपनी वेगळी की जाडी वेगळी. स्टीलच्या मापाचा क्लॅम्प त्याला एकतर ढिला होतो नाहीतर चावतो. म्हणून शेडमध्ये सॅडल वाकवायच्या आधी साइटवरच्या पाइपला टेप गुंडाळून परीघ घ्या, त्याला ३.१४ नं भागा, आणि मग रोल करा.

बाकीच्या सपोर्टमध्ये प्रत्येक जागेची उंची, भार, हालचाल, शेजारचं स्ट्रक्चर वेगळं असतं. ऑर्डर देणाऱ्यानं निदान एवढं लिहून द्यायलाच पाहिजे: पाइपचं बाहेरचं माप, इन्सुलेशनची जाडी, गार असताना, गरम असताना आणि टेस्टच्या वेळचा भार, आणि तिन्ही दिशांना पाइप किती सरकणार. मोठ्या गरम लाइनींसाठी हे आकडे संगणकावर सीझर टूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात. आकडे न देता "सहा इंची सपोर्ट, ५० नग" अशी ऑर्डर आली तर आपल्या शेडवाल्यांनी फोन करून विचारावं, ह्यात कमीपणा काही नाही. उलट विचारणाऱ्या शेडला पुढच्या वेळी ड्रॉइंगबरोबर कारणंही मिळतात.

जास्त सपोर्ट घातले तर चांगलंच की?

गार लाइनीला एखादा जादा झाला तर पैसे गेले एवढंच. गरम लाइनीला मात्र प्रत्येक जादा सपोर्ट म्हणजे पाइपला अडवणारी एक जादा जागा. लूपच्या कोपऱ्यावर लाइन हलतीय, बघायला बरं वाटत नाही, म्हणून कुणीतरी तिथं एक पोस्ट उभा करून यू-बोल्ट मारतो आणि तो आख्खा लूपच निकामी होतो. हलणारी प्रत्येक लाइन चुकीची नसते. सावकाश सरकणारी लाइन आपलं काम करतीय, थरथरणारी किंवा उसळणारी लाइन काहीतरी सांगतीय.

उसळण्याचं कारण बहुतेक वेळा पंप अचानक बंद पडणं. लाईट गेली, पाण्याचा लोंढा एकदम थांबला की स्टीलच्या लाइनीत वेगाच्या प्रत्येक सेकंदाला एक मीटरमागं चौरस सेंटीमीटरला साधारण १२ किलो प्रेशर उसळी मारतं. सहा इंची एल्बोवर त्याचा जोर दोन टनांहून जास्त होतो. तिथं मात्र अडवणारा सपोर्ट पाहिजेच. आमच्या भागातल्या उपसा सिंचनाच्या लाइनींना वळणावर काँक्रीटचे एवढाले ठोकळे असतात ते ह्याच्यासाठीच.

आमच्याकडं इतकी वर्षं असंच चाललंय की

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि तो खोटाही नाही. पुष्कळ लाइनी चुकीच्या सपोर्टवर वर्षानुवर्षं चालतात. पण चाललंय म्हणजे बरोबर आहे असं नाही, एवढं सांगायला एकच खरी घटना पुरे. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथं एक केमिकल कारखाना होता, सायक्लोहेक्झेन नावाच्या पेट घेणाऱ्या द्रवावर काम करणारा. ओळीनं सहा रिॲक्टर. १९७४ च्या मार्च अखेरीस पाचव्या रिॲक्टरला तडा सापडला, तो बाजूला काढला, आणि चौथ्यातून थेट सहाव्यात जायला २० इंची तात्पुरता पाइप जोडला. दोन्ही टोकांची उंची वेगळी, म्हणून पाइपला मध्ये वाकडं वळण. दोन्ही टोकांना बेलो, म्हणजे हालचाल पोटात घेणारी घडीदार नळी. त्या पाइपचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलं होतं आणि तो टेकवला होता परांचीच्या नळ्यांवर. वळणामुळं आतल्या प्रेशरनं पाइपला पीळ बसणार, बेलो मुरडणार, हा हिशोब कुणी केलाच नाही. साधारण दोन महिने तो पाइप व्यवस्थित चालला. १ जून १९७४ ला, शनिवारी दुपारी, तो सुटला आणि स्फोट झाला. २८ माणसं गेली. सुट्टीचा दिवस नसता तर आकडा फार मोठा झाला असता.

त्या पाइपाखालच्या परांचीनं वजन पेललं होतं. त्याला कुठं धरायचं हे कुणी ठरवलं नव्हतं.

खर्चाचं काय?

सपोर्टचा खर्च पाइपच्या खर्चापुढं लहान असतोय, पण तो शेवटी येतो, तेव्हा बजेट संपलेलं असतं आणि हंगामाची तारीख जवळ आलेली असते. म्हणून कात्री नेमकी तिथंच लागते. एका एफआरपी एल्बोची गळती निघाली की लाइन थांबते, रेझिन मारून सुकेपर्यंत प्लांट थांबतो, आणि मळी टाकीत पडून राहते. ज्यांनी हे एकदा सोसलंय ते पुढच्या वेळी सपोर्टच्या ड्रॉइंगवर आधी सही करतात.

ऑफ सीझनला काय बघायचं

आपल्या इकडं पावसाळ्यात कारखाने बंद, लाइनी गार, हात लावून बघायला ह्याच्यासारखी वेळ नाही. स्प्रिंगच्या डब्यावर काटा आणि पट्टी असते, गार असतानाचा आकडा लिहून ठेवा, हंगाम सुरू झाल्यावर गरम असतानाचा लिहा, दोन्ही आकडे सारखेच आले तर स्प्रिंग जाम आहे. शूच्या खाली बीमवर घासल्याच्या खुणा बघा, खूण किती लांब आहे त्यावरून पाइप किती सरकला ते कळतं, आणि खूणच नसेल तर तो अडकलाय. शू बीमवरून उचललेला असेल, खालून कागद आरपार जात असेल, तर तो सपोर्ट काम करत नाही, पण लगेच खाली पॅकिंग ठोकू नका, गरम झाल्यावर टेकतो का ते आधी बघा. गाइडची गॅप कुणी वेल्डनं बुजवलीय का, अँगलवरचा रंग एकाच बाजूनं सोललाय का, बेसप्लेटचे नट सैल आहेत का.

खानापूरकडच्या पावसात स्टीलचा पाइप जिथं बीमवर नुसता टेकलेला असतो तिथं पाणी अडकून खालून गंजतो, वरून रंग चांगला दिसतो आणि बुडाला भिंत निम्मी झालेली असते. असे पाइप जॅकनं थोडे उचलून खाली हात घालूनच बघावे लागतात, लाइन रिकामी आणि बिनप्रेशरची असतानाच. एफआरपीला सॅडलच्या दोन्ही कडांपाशी पांढरट डाग, ओल, रबर सरकून बाहेर आलंय का ते बघा. आणि प्रत्येक सपोर्टला नंबर टाका, रंगानं नाही, पंच केलेली पट्टी लावून, कारण रंग पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगाखाली जातो आणि मग वहीतली नोंद कुठल्या सपोर्टची ते कुणालाच सांगता येत नाही.